ओसरीवर कोण आहे बघा

भावजी, तेरखेड्याहून मेल आलाय. आपण बघून आलो त्या सुवर्णाच्या भावानं पाठवलाय. आधी सगळ्यांची खुशाली विचारलीय आणि मग खाली लिहिलंय, "आपले बसवराजसाहेब 'कळवतो' म्हणून गेले होते. अजून काही कळले नाही. नकार असला तरी आमची तक्रार नाही, पण कृपया कळवावे." त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. लोहारा ह्या टोकाला, तेरखेडा त्या टोकाला, मध्ये अख्खा जिल्हा. आणि तुम्ही बाजारातून येऊन छातीवर हात ठेवून जे खुर्चीत बसलात ते उठलाच नाहीत, त्यानंतर आमच्यापैकी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं म्हणून तेरखेड्याला फोन करणार?

आता घर रिकामं झालंय. पाहुणे गेले, तुमचे दादा पुन्हा शेतावर जायला लागले. मी केंद्राचं दार उघडलं, संगणक सुरू केला आणि समोर हा मेल. एका बाईला तुमचं उत्तर हवंय आणि ते उत्तर तुम्ही मला सांगून गेलेला नाहीत. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला. लोकांना "कळवतो" म्हणून लटकवून ठेवू नका, ह्यावरून तुम्ही माझं डोकं उठवलं होतं. आणि स्वतः मात्र तेच म्हणून निघून गेलात.

तुम्ही पुण्याची नोकरी सोडून घरी आलात तेव्हा मी पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवत होते, आठवतंय ना? चालवत होते म्हणजे काय, मोबाइलवर बायोडाटा यायचे, फोटो यायचे, फोन भरून बंद पडायचा आणि मी त्याला शिव्या घालायचे. तुम्ही म्हणालात, "वहिनी, सगळ्यांना मेलवर पाठवायला सांगा. मोठ्या पडद्यावर बघा, नीट ठेवा." मी म्हटलं, मेल म्हणजे कंपन्यांचं काम, आमच्या स्थळांचं तिथं काय? पण पोरं पुण्याला, बेंगळुरूला, कुठं कुठं नोकऱ्या करतात, त्यांना मेलच सोपा पडला. पाहता पाहता स्थळं मेलवर यायला लागली. आणि मग ती परदेशी बाई आली.

तिचा मेल मला अजून तोंडपाठ आहे. "मी एका मोठ्या सेनापतीची विधवा आहे. माझ्याकडे भरपूर संपत्ती आहे. मी एका विश्वासू आणि देवभोळ्या माणसाच्या शोधात आहे." मराठी मोडकंतोडकं होतं, पण म्हटलं, बाई बाहेरदेशी राहिलेली, व्हायचंच. जळकोटचे एक बिजवर गृहस्थ आपल्याकडे नोंदवलेले होते, हायवेला हॉटेल, स्वभावानं गरीब. मी बाईला रीतसर लिहिलं: जन्मवेळ, रास, देवक, मामाचं गाव कळवावं, आमच्याकडे योग्य स्थळ आहे. तिनं बँकेच्या खात्याचा नंबर मागितला. मी उत्तर दिलं, देण्याघेण्याचं बैठकीत बोलू, आधी मामाचं गाव सांगा. तिनं पुन्हा खातं मागितलं, मी पुन्हा मामाचं गाव. हे असं चाललेलं तुम्ही चहा घेऊन आत येताना पाहिलंत आणि हातातला कप टेबलावर ठेवून भिंतीला टेकून इतके हसलात की तुमचे दादा गोठ्यातून विचारायला आले, बसूला झालंय काय म्हणून.

हसून झाल्यावर तुम्ही मेलच्या प्रोग्राममधली नको असलेल्या मेलची पेटी उघडलीत आणि तुमचं हसू थांबलं. तिथं आपली खरी स्थळं पडली होती. वाशीची, उमरग्याची, कुठली कुठली, आईबापांनी मन लावून लिहिलेली. "गोरी, सडपातळ, सुस्वभावी, वय पंचवीस, अनुरूप जोडीदाराच्या शोधात." त्या प्रोग्रामला वाटलं, हे सगळे फसवणारे लोक. परदेशी सेनापतीची विधवा तेवढी त्याला घरंदाज वाटली. कुणाच्या पोरींची स्थळं आपल्या घरात येऊन आपल्यालाच न कळता धूळ खात पडली होती, आणि तिकडं ती माणसं म्हणत असतील, लोहाऱ्याच्या बाई उत्तरसुद्धा देत नाहीत. त्या दिवशी जेवायला बसलात तरी तुमचं लक्ष त्या पेटीतच होतं. भाकरी हातात तशीच राहिली होती.

मग तुम्ही ते सुरू केलंत. माझ्यासारखीला समजेल असं तुम्ही सांगितलं होतं: हा मेलचा प्रोग्राम म्हणजे ट्रॅक्टर आहे, त्याला मागून आपल्याला हवं ते अवजार जोडता येतं, मी आपलं अवजार बनवतोय. मी म्हटलं, बनवा बापडे. मला वाटलं होतं तुम्ही त्याला शब्दांची यादी द्याल, हा शब्द चांगला, हा वाईट. तुम्ही म्हणालात, "यादी न्हाय द्यायची. त्याला आपल्या घरात बसवायचं आन् बघू द्यायचं. तुमी स्थळं निवडा, ते बघून शिकंल."

त्याप्रमाणे मी बसले. एक एक मेल उघडायचा आणि सांगायचं, हा आपला, हा परका. तुमचं अवजार काही न बोलता बघत होतं. प्रत्येक शब्द ते मनात तोलत होतं म्हणे, आपल्या मेलमध्ये किती येतो, परक्यांच्यात किती. सुरुवातीला गाढवासारख्या चुका करायचं. मी वैतागायचे, तुम्ही नाही. "शिकतंय, शिकतंय," म्हणायचात. आणि मग एकदा सकाळी तुम्ही मला स्वयंपाकघरातून हाताला धरून उठवून आणलंत. पीठ होतं माझ्या हाताला. म्हणालात, "वहिनी, ह्यानं काय शोधून काढलंय बघा. खऱ्या माणसाची सगळ्यात पक्की खूण ह्याला सापडली."

"कोंची?"

"मामाचं गाव."

मी पडद्याकडं बघतच राहिले. कुणी त्याला शिकवलं नव्हतं. पण जगातल्या कुठल्याही फसवणाऱ्याला मामाचं गाव लिहायचं सुचत नाही आणि आपल्याकडच्या कुठल्याही आईबापाला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, एवढं त्या तारांच्या डब्याला आपलं आपण कळलं होतं. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुमच्या आईनं, अव्वांनी, मला पहिला प्रश्न तोच विचारला होता. मी पिठाचे हात तसेच धरून उभी, आणि तुम्ही लहान पोरासारखे खुर्चीत उड्या मारताय. भावजी, मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी थक्क झालेय. त्यातली ती एक.

बटणांची नावं हा तुमचा दुसरा हट्ट. मी म्हटलं, "कचरा" असं एक बटण ठेवा, दाबलं की गेलं. तुम्ही चक्क रागावलात. म्हणालात, अव्वांनी दारात आलेल्या कुणाला कधी कचरा म्हटलं का? ओळखीचा असो, नसो, आधी ओसरीवर बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं, मग कोण, कुठला ते बघायचं. आणि तुम्ही त्या नकोशा मेलच्या पेटीचं नावच "ओसरी" ठेवलंत. ज्याच्याबद्दल शंका आहे तो ओसरीवर बसेल, पण त्याला हाकलायचं काम यंत्राचं नाही, माणसाचं. म्हणून दिवेलागणीला तो पडदा आपोआप पुढं येतो, बाकी सगळं झाकतो आणि वर तुमची ओळ असते: "वहिनी, ओसरीवर कोण आहे बघा." बघितल्याशिवाय बंद होत नाही. मी कितीदा म्हटलं असेल, देवापुढं दिवा लावू का तुमची ओसरी बघू? तुम्ही म्हणायचात, "दोन्ही एकच हाय."

बघायचं आणि ओळखीचा निघाला की "घरात घ्या" दाबायचं. दाबलं की ते विचारतं, "ह्यांचं पुढचं सगळं थेट घरातच घेऊ?" आपण "हो" म्हटलं की त्या माणसाला पुन्हा कधी बाहेर बसावं लागत नाही. तो प्रश्नही तुमचाच. दुसरा कुणी असता तर त्यानं रुक्ष काहीतरी लिहिलं असतं.

आणि "सुपारी फुटली." ते बटण दाखवलंत तेव्हा तर तुमचे दादासुद्धा खुर्ची ओढून बसले. एखाद्या मुलीचं जमलं, सुपारी फुटली, की तिचा बायोडाटा फिरायचा थांबला पाहिजे, ही आपली रीत. पण तिच्यासाठी विचारणा केलेल्या सगळ्यांना कळवणार कोण? आमच्या एका चुकीनं एकदा एक कुटुंब जीप करून, काकामामांना घेऊन, पेढ्याचा पुडा घेऊन जमलेल्या मुलीच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. तुमच्या बटणानं तो सगळा पसारा एका दाबात आवरला. वाट बघणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावानं निरोप, की ह्या स्थळाची सुपारी फुटली, तुमच्याही दारी लवकर मांडव पडो, आणि त्याला शोभेलशी दुसरी स्थळं सोबत. दादा म्हणाले, "बसू, ह्यो डबा आपल्यापेक्षा शानाय रे." ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.

मग तुम्ही "नकार कळवा" आणलंत आणि आपलं जुंपलं.

"हे काढा," मी म्हटलं. "नकार असा तोंडावर कुनी मारत न्हाय."

"मग काय करतेत?"

"कळवतो म्हनतेत."

"आन् कळवतेत का?"

"न्हाय कळवत. त्योच नकार. समदे समजून घेतेत."

"ज्याला समजत न्हाय त्यानं काय करायचं? बसून ऱ्हायाचं व्हय? पोरीच्या बापानं दुसरं स्थळ बघायचं का न्हाय बघायचं?"

मी म्हटलं, रीत आहे ती, कुणाचं मन दुखू नये म्हणून आहे. तुम्ही म्हणालात, मन दुखतं ते वाट बघून दुखतं. मी म्हटलं, तुम्ही लग्न केलं असतं तर तुम्हाला ह्यातलं काही कळलं असतं. तरी तुम्ही बटण काढलं नाहीत. मीही ते कधी दाबलं नाही. माझ्याकडून ते भांडण संपलेलं नव्हतं, भावजी. मला अजून बरंच बोलायचं होतं, आणि त्यातलं बरंच तुम्हाला चिडवण्यासाठी होतं.

सुवर्णाचा पहिला मेल ओसरीवर आला होता. तिच्या भावानं दोन ओळीत लिहिलेला. "बहीण विधवा आहे. फटाक्याच्या कारखान्यात हिशेबाचे काम बघते. पैशाची अपेक्षा नाही. विश्वासू माणूस हवा, संपर्क करावा." मामाचं गाव नाही, रास नाही, काही नाही. दिवेलागणीला मी पडदा बघत होते, तुम्ही मागं उभे होता. मी म्हटलं, ह्यानं हे स्थळ बाहेर का बसवलं? तुम्ही अवजाराच्या आत जाऊन त्याचे शब्द तोलायचे सगळे आकडे उघडलेत आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेलात.

त्या परदेशी बाईचे आणि तिच्या बहिणींचे मेल आपण एकेक करून बाहेर काढले होते ना. त्या सगळ्या विधवा, सगळ्यांना विश्वासू माणूस हवा. त्यावरून यंत्र शिकलं होतं, की विधवा म्हटलं की फसवणूक, विश्वासू म्हटलं की खोटं. तुमचा आवाज खाली गेला होता. "वहिनी, ह्याला कुनी शिकवलं न्हाय हे. आन् तरी ते गावासारखंच वागलं. बाई विधवा हाय म्हनल्यावर बाहेर बसीवलं."

तुम्ही त्या रात्रीपासून त्याला पुन्हा शिकवायला बसलात असं काही नाही, तुम्ही जेवून झोपलात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जुने मेल पुन्हा धुंडाळून, आपल्याकडच्या सगळ्या पुनर्विवाहाच्या मुली एकेक करून त्याला दाखवल्यात. ही आपली. हीपण आपली. मी दारातून बघत होते. कुणाशी तरी समजुतीनं बोलावं तसे तुम्ही त्या डब्याशी बोलत होता. यंत्राची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. मला तेव्हा तुमच्याबद्दल जे वाटलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्या घरात दिराला असलं कुणी सांगत नाही. आता सांगते: मला तुमच्यापुढं वाकून नमस्कार करावासा वाटला होता, आणि वयानं मी मोठी.

स्थळ तुमच्याच मनात भरलंय हे मला कळायला वेळ लागला नाही. तो मेल तुम्ही पुन्हा पुन्हा उघडायचात. मी विषय काढला तर म्हणालात, "आधी बाकीच्यांस्नी दाखवा. दुकानदारानं चांगला माल आपल्या घरी आधी काढून ठेवायचा नसतो." बाकीच्यांना दाखवलं. त्यांनी "कळवतो" म्हटलं. मग मी तुमचं काही ऐकलं नाही. मीच फोन केला आणि दादांना घेऊन तुम्हाला गाडीत घातलं.

तेरखेड्याचं ते घर मला अजून दिसतं. दारात सुकायला ठेवलेल्या फटाक्यांच्या कागदी नळ्या, पोह्यांवर भरपूर शेंगदाणे, आणि ती समोरच्या खुर्चीत ताठ बसलेली, पदर नीट घेतलेला, नजर मात्र खाली नाही. तिनं विचारलं, तुम्ही काम काय करता? झालं. तुम्ही तिला मेलचा प्रोग्राम, त्याला जोडलेलं अवजार, शब्दांचं तोलणं, सगळं सांगत सुटलात. चहावर साय धरली. आणि वर म्हणालात, "खरं सांगायचं तर तुमचा मेल आमच्या यंत्रानं बाहेर बसवला होता." मी टेबलाखालून तुमच्या पायावर पाय दिला. मुलगी बघायला गेल्यावर कुणी तिला असं सांगतं का?

ती म्हणाली, "का?"

तुम्ही का ते सांगितलंत, जसंच्या तसं. विधवा ह्या शब्दापाशी तिचा भाऊ खाली बघायला लागला. ती नाही.

"मग सांगितलं का त्याला, चुकलं म्हनून?"

"सांगितलं."

"ऐकलं?"

"एकदा सांगून ऐकत न्हाय. लई डाव सांगावं लागतंय."

"मग मानसापरीस बरंच की," ती म्हणाली. "मानसं लई डाव सांगूनबी ऐकत न्हाईत."

आणि ती हसली आणि तुम्ही हसलात आणि मी मनात म्हटलं, जमलं. मी मांडवाचा, बांगड्यांचा, सगळ्याचा विचार करत होते. आणि निघताना दारात तिच्या भावानं हात जोडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "कळवतो."

गाडीत मी तुमच्यावर तुटून पडले. ह्यो मानूस! साऱ्या तालुक्याला शिकवतो, कळवतो म्हनू नका, आन् सोता काय म्हनून आला बघा! दादा गाडी चालवत हसत होते. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "उत्तर द्यायचंय वहिनी. पन हे बटनानं द्यायचं न्हाय. ह्याला बटन न्हाय."

"व्हय का न्हाय, तेवढं सांगा."

तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "कळवतो," आणि पुन्हा हसायला लागलात. मला चिडवत होता की लाजत होता की खरंच अजून ठरत नव्हतं, मला माहीत नाही. मी तुमचा चेहरा आठवून आठवून बघते. कधी वाटतं होकारच होता, त्याशिवाय माणूस असा हसतो का. कधी वाटतं, मला तसं वाटायला हवंय म्हणून वाटतं.

तर आता सांगा, मी काय करायचं होतं? "नकार कळवा" दाबलं तर तुमचे गोड शब्द जातील, "आपल्या घरी लवकर मंगलकार्य होवो" म्हणून, आणि ते खोटं होईल. "सुपारी फुटली" दाबलं तर त्याहून मोठं खोटं. गप्प बसले तर ती बसून राहील, आणि हे तर तुम्हाला मुळीच चाललं नसतं. दादांना विचारलं. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, म्हणाले, "जे खरं हाय ते सांग. तिला खरं सोसतंय." एवढंच बोलले आणि वैरण आणायला गेले.

फोन लावला. पलीकडून ती "हॅलो" म्हणाली आणि मी फोन ठेवून दिला. मग खुर्चीत बसले, तुमच्याच खुर्चीत, आणि एका बोटानं एक एक अक्षर शोधत सुवर्णाच्याच नावानं मेलला उत्तर लिहिलं. तुम्ही गेलात हे लिहिलं. कसं ते लिहिलं. मग लिहिलं, "त्यांचं उत्तर काय होतं ते मला माहीत नाही. मी अंदाजानं काही सांगणार नाही. पण आमच्याकडे सगळ्यांना उत्तर द्यायला बटण आहे, आणि तुमचं उत्तर बटणानं द्यायचं नाही एवढं ते मला बोलले होते. म्हणून हे मी हातानं लिहितेय. तुम्हाला वाट बघायला लागली, त्याबद्दल आमच्या घराला माफ करा."

पाठवलं. आणि लक्षात आलं, की नकार असा तोंडावर सांगत नाहीत म्हणून मी किती दिवस तुमच्याशी भांडले, आणि ज्या उत्तराला नाव नाही ते सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी ते सांगितलं. म्हणजे भांडण तुम्ही जिंकलात. पण अर्धंच हं. बाकीचं अर्धं मी जिंकले, कारण सगळ्याच निरोपांना बटण करता येत नाही, हे तुम्हालाही शेवटी मान्य करावं लागलं.

तुमचं अवजार अजून नीट चालतंय. कधी कधी खिडकी येते, प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्या म्हणून. मागच्या वेळी नवी आवृत्ती घेतली तर तुमचं अवजार रुसून बसलं होतं आणि तुम्ही ते पुन्हा बसतं करेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. म्हणून मी "नंतर" म्हणते. बटणाचं नाव कसं बदलायचं तेवढं तुम्ही मला शिकवलं होतं. बाकीचं शिकवायला निघालात की मी म्हणायचे, तुम्ही आहात की. आता उमरग्याच्या एका शिकलेल्या मुलीला बोलावलंय. तिला म्हटलं, आधी मला दाखव, मग हात लाव. मी शिकेन भावजी. तुमचा डबा शिकला, मी शिकणार नाही?

रोज मला तेच नवल वाटतं. तुम्ही नाही, आणि तुम्ही शिकवलेलं ते बसून निवडतंय. मामाचं गाव दिसलं की आत घेतंय. काल एका मुलीच्या आईनं "मुलगी विधवा आहे" असं लिहिलेला मेल आला आणि तो सरळ घरात आला, ओसरीवर थांबलासुद्धा नाही. मी पडद्याला हात लावून बघितला, वेड्यासारखा. आपल्याच घरातल्या एका माणसानं, माझ्या हातची भाकरी खाणाऱ्या माणसानं, यंत्राला माणुसकी शिकवावी आणि ते शिकावं, ह्याचं आश्चर्य माझं अजून ओसरलेलं नाही.

आज दिवेलागणीला पडदा पुढं आला. "वहिनी, ओसरीवर कोण आहे बघा." मी दिवा लावून, हात पुसून बसले. कुणी कर्ज देऊ करत होतं, कुणी बक्षीस. आणि खाली एक अनोळखी पत्ता. सुवर्णाचा, तिचा स्वतःचा. आजवर भावाच्याच पत्त्यावरून आलं होतं सगळं, म्हणून डब्यानं तिला ओळखलं नाही. सुरुवातीला तिनं "वहिनी" असं लिहिलंय, तुम्ही हाक मारायचात तसं.

"वहिनी, त्यांचं काय उत्तर होतं ते तुम्हाला माहीत नाही हे तुम्ही लिहिलं ते बरं केलं. माझं मला माहीत होतं. माझा होकार होता. भावाला बोलले नव्हते, म्हटलं आधी त्यांचं कळू दे. आता तो कुणाला सांगायचा कळेना. म्हणून तुम्हाला सांगते."

भावजी, मी "घरात घ्या" दाबलं. तुमचा डबा विचारायला लागला, "ह्यांचं पुढचं सगळं थेट घरातच घेऊ?"

मी "हो" म्हटलं.